पडदा दुखत नाही

आपल्या घरांत डोळे तपासणे म्हणजे चष्म्याचा नंबर काढणे. दुकानातल्या खुर्चीवर बसायचे, समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचायची, काचा बदलताना 'आता कसं दिसतं?' या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आणि चार दिवसांनी चष्मा घेऊन यायचा. वय झालेले असेल तर पुढचा शब्द मोतीबिंदू. गावात मोफत शिबिर लागले की फुफी, खाला, शेजारची चाची अशा चौघीजणी एक रिक्षा करून जातात आणि 'मोतीबिंदू अजून पिकलेला नाही' हे ऐकून निर्धास्त परत येतात. यात वाईट काही नाही. चष्मा लागतो, मोतीबिंदूही होतो. पण हे दोन्ही डोळ्याच्या पुढच्या भागाचे आजार आहेत. डोळ्याला मागची बाजूही आहे, आणि ती बाजू आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी कुणाला तपासू दिली आहे.

त्या मागच्या भागाला डॉक्टर रेटिना म्हणतात, आपण बोलताना डोळ्याचा पडदा म्हणतो. अरबीत त्याला शबकिया म्हणतात. शबका म्हणजे जाळे. लॅटिनमधल्या रेटिना या शब्दाच्या मुळाशीही जाळेच आहे. नाव अगदी नेमके आहे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ अशा त्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी तिथेच असतात. पडद्याच्या मध्यावर मॅक्युला नावाचा एक लहानसा भाग असतो. वाचणे, सुई ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक नजरेची कामे त्या एवढ्याशा जागेवर चालतात.

बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाजिर'मध्ये दाखवून दिले की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, तर वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते. मात्र दृष्टीचे मूळ ठिकाण त्यांनीही डोळ्यातल्या भिंगातच मानले होते. चित्र मागच्या पडद्यावर उमटते हे केपलरने १६०४ मध्ये मांडले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याचे साधन तर जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे आणले. म्हणजे एवढ्या थोर माणसांनाही जे पाहता आले नव्हते, ते आज तालुक्याच्या गावातला डोळ्यांचा डॉक्टर दहा मिनिटांत पाहू शकतो. आपण त्याच्यासमोर जाऊन बसण्याचा काय तो प्रश्न.

माझ्या अम्मीच्या बाबतीत ही वेळ तिच्या मधुमेहाच्या पंधराव्या वर्षी आली. अम्मी खेड तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. दुपारी जोहरच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मुली तिच्याकडे कुरआन शिकायला येतात. मुलीच काय, त्यांच्या आयासुद्धा तिला आपाजी म्हणतात, कारण त्याही तिच्याकडेच शिकलेल्या. साखरेच्या गोळ्या ती वेळेवर घेते. भाईजान कुवेतहून पैसे पाठवतो, रक्ताची तपासणी होत असते. चष्मा तर दोन वर्षांत दोनदा बदलला होता. दर वेळी दुकानात नंबर थोडा वेगळा निघायचा आणि दर वेळी 'वय झालं, बदलणारच' एवढेच सांगितले जायचे. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातले भिंग किंचित फुगते आणि चष्म्याचा नंबर हलतो, हे आम्हाला पुढे कळले. वारंवार बदलणारा नंबर ही खरे तर साखरेची तक्रार होती.

अम्मीची नजर कमी होत असल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण तिचे पाठांतर पक्के. समोर कुरआन उघडा असायचा, बोट ओळीवरून सरकत असायचे, पण चाळीस वर्षांच्या सवयीने जीभ डोळ्याच्या पुढे धावत होती. बे, ते, से या तीन अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. ते नुक्ते उजव्या डोळ्याला दिसेनासे झाले होते आणि तिला स्वतःलाही ते कळले नव्हते. जे पाठ आहे ते माणूस पाहत नाही, आठवतो.

हे पकडले माझ्या धाकट्या मुलीने. सुट्टीत आजोळी गेली होती. एके दिवशी मला म्हणाली, "मम्मी, नानी एक डोळा मिटून सुई ओवते." मी अम्मीला विचारले, तर ती सहज म्हणाली, "दोन्ही उघडे ठेवले की धागा दोन ठिकाणी दिसतो. एकाने बरं दिसतं. त्यात काय एवढं?"

मी तिला दारासमोर बसवले. आधी उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितला. डाव्या डोळ्याने दाराची चौकट सरळ दिसत होती, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखाही वाचता येत होत्या. मग डावा झाकला. अम्मी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चौकट मध्येच वाकलीय गं. आणि तारखांच्या जागी कुणी ओलं बोट फिरवल्यासारखं दिसतंय."

दोन डोळ्यांनी पाहताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव भरून काढतो. त्यामुळे एक डोळा कित्येक महिने बिघडत गेला तरी घरातल्या कामांत ते कळत नाही. एक-एक डोळा झाकून चौकट, खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेघा पाहायला दोन मिनिटे लागतात आणि एक पैसा लागत नाही.

चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोळ्यात थेंब घातले. या थेंबांनी बाहुली मोठी होते. अर्धा-पाऊण तास बाकावर बसावे लागते, पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. म्हणून सोबत माणूस हवे आणि स्वतः गाडी चालवायची नाही. डोळ्याची बाहुली म्हणजे बंद घराची खिडकी. ती नीट उघडल्याशिवाय आतल्या खोलीचे कोपरे दिसत नाहीत.

बाईंनी बराच वेळ दोन्ही डोळे पाहिले. मग पडद्याचा ओसीटी नावाचा स्कॅन काढला. तो काढताना दुखत नाही, फक्त समोरच्या खुणेकडे पाहत राहायचे असते. नंतर त्या म्हणाल्या, "चाची, उजव्या डोळ्याच्या पडद्याला मध्यावर सूज आहे, म्हणून अंधुक दिसतंय. पण मला काळजी डाव्या डोळ्याची जास्त आहे."

अम्मी हसली. "डॉक्टरसाहेब, तो तर माझा चांगला डोळा."

"दिसतोय चांगला. पण आत नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्यात. त्यातली एखादी कधी फुटेल आणि डोळ्यात रक्त उतरेल, सांगता येत नाही. तसं झालं तर एका रात्रीत अंधार होईल."

ज्या डोळ्याची काहीच तक्रार नव्हती, त्यालाच जास्त धोका होता. त्या दिवसापासून हे वाक्य मी भेटेल त्याला सांगते. पडद्याला वेदना कळत नाही. दाताला कीड लागली तर दात ठणकतो, कानात काही झाले तर कान सणकतो, डोळा आला तर लाल होतो, पाणी येते. पडदा आजारी पडला तर डोळा बाहेरून स्वच्छ, पांढरा, निरोगी दिसतो आणि आतल्या आत काम बिघडत जाते.

मधुमेहात होते ते असे. जास्त साखर वर्षानुवर्षे रक्तातून वाहत राहिली की सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आधी कमजोर होतात. परसातली रबरी नळी जुनी झाली की तिला जागोजागी फुगवटे येतात आणि पाणी झिरपू लागते, तसेच इथे घडते. झिरपलेले पाणी मॅक्युलात साठले की सूज येते आणि रेघा वाकड्या दिसतात. काही वाहिन्या बुजून जातात. रक्त मिळेनासे झालेला पडद्याचा भाग मग नव्या वाहिन्यांना बोलावणे धाडतो. त्या येतात, पण घाईत बांधलेल्या कच्च्या भिंतीसारख्या असतात. त्या फुटून रक्तस्राव होतो, किंवा त्यांच्याबरोबर वाढलेले तंतू पडद्याला ओढून जागचा हलवतात. याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. मधुमेह जितका जुना, तितकी ही शक्यता जास्त. त्यात रक्तदाब वाढलेला असेल तर नुकसान लवकर होते.

पुढचे उपचार मुंबईत पडद्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे झाले. उजव्या डोळ्यात इंजेक्शन, डाव्यावर लेसर. डोळ्यात सुई टोचणार हे ऐकून अब्बांचा चेहरा उतरला होता. अम्मी मात्र शांतपणे म्हणाली, "पोटातून मुलं काढली, आता डोळ्यात सुई." प्रत्यक्षात आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, औषधाने स्वच्छ करतात, पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चिमटा लावतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुईने औषध आत सोडतात. अम्मीच्या शब्दांत सांगायचे तर "कुणी बोटाने दाबल्यासारखं वाटलं, तोवर झालंसुद्धा." हे औषध नव्या वाहिन्यांची वाढ आणि झिरपणे रोखते. मात्र एका इंजेक्शनने भागत नाही. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला घ्यावे लागते आणि मधले चुकवून चालत नाही. काही औषधे फार महाग आहेत. बेव्हासिझुमॅब हे मूळचे आतड्याच्या कर्करोगाचे औषध डोळ्यासाठी अगदी थोड्या मात्रेत वापरतात, ते बरेच स्वस्त पडते. म्हणून खर्चाच्या धास्तीने उपचार सोडण्याआधी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतो. योजनेत काय बसते ते योजनेखालच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येते. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा, हे आम्हाला तीन-तीनदा बजावले होते.

लेसरची गोष्ट वेगळी. रक्त न मिळणाऱ्या भागावर शेकडो बारीक ठिपके देतात, म्हणजे नव्या वाहिन्यांना येणारे बोलावणे बंद होते. दोन-तीन बैठकांत ते काम होते. लेसरने गेलेली नजर परत येत नाही, तो आहे ती राखण्यासाठी असतो. अंधारातले आणि कडेचे दिसणे थोडे कमीही होऊ शकते. अम्मीला आता मगरिबनंतर अंगणात हाताला धरून न्यावे लागते. पण डावा डोळा शाबूत आहे. उजव्याची सूज उतरली, चौकट पुष्कळशी सरळ झाली, नुक्ते मात्र सगळे परत आले नाहीत. वर्षभर आधी आलो असतो तर, असा प्रश्न अब्बांनी एकदा विचारला होता. डॉक्टर म्हणाले, "पुढचं वर्ष आपल्या हातात आहे, त्याचं बोलू."

त्या दवाखान्याच्या बाकांवर बसून मी बरेच काही पाहिले. एक तरुण दुबईहून सुट्टीवर आला होता. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. एके दिवशी डोळ्यासमोर विजेसारखे चमकले, मग काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला आणि संध्याकाळी एका बाजूने काळोखाचा पडदा सरकत आला. त्याचा रेटिना जागचा सुटला होता. जास्त मायनस नंबर असलेल्यांना आणि डोळ्याला मार बसलेल्यांना हा धोका अधिक असतो. ही तातडीची वेळ असते. मॅक्युला सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची आशा पुष्कळ. त्याच्या डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता आणि तो दिवसाचा बराच वेळ मान खाली घालून बसायचा. परतीचे तिकीट मात्र त्याला रद्द करावे लागले. डोळ्यात गॅस असताना विमानप्रवास करायचा नसतो. वर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब इतका वाढतो की नजर कायमची जाऊ शकते. उंच घाटातला प्रवाससुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ज्या घरांतली मुले आखातात आहेत, ज्या घरांत उमराहचे बुकिंग झालेले असते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

एका आजोबांना समोरच्या माणसाचे कान दिसत, पण चेहऱ्याच्या जागी धूसर डाग. वयोमानाने मॅक्युला झिजण्याचा हा आजार. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त. एका भाभींना रक्तदाबामुळे पडद्याची शीर बंद पडून सकाळी उठल्यावर एका डोळ्याने अंधुक दिसू लागले होते. एक जोडपे महिन्याभराच्या बाळाला घेऊन आले होते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, कारण त्याच्या रक्तवाहिन्यांची वाढ अर्धवट राहिलेली असते. वेळ गेली तर बाळ आयुष्यभरासाठी अंध होऊ शकते.

आणि एक मुलगी होती, सतरा-अठरा वर्षांची. संध्याकाळ झाली की तिला दिसायचे नाही आणि बाजूने येणारी माणसे अंगावर आदळायची. तिच्या भावालाही तेच. हा रेटिनायटिस पिगमेंटोसा, घराण्यातून येणारा आजार. तिचे आई-वडील सख्खे चुलत भावंड. अशी लग्ने आपल्याकडे जायज आहेत, होत आली आहेत, आणि बहुतेक घरांत मुले निरोगीच असतात. पण घराण्यात कुणाला रातांधळेपणा असेल, तर जवळच्या नात्यात सोयरीक जमवण्याआधी डॉक्टरांचा आनुवंशिक सल्ला घेणे शहाणपणाचे. दोघांकडून एकच दोष मुलाकडे येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते.

आपल्या घरांत आणखी एक-दोन प्रश्न हमखास येतात. मुंबईतल्या डॉक्टरांनी अम्मीला, डोळ्यात थोडा रक्तस्राव दिसल्यावर, काही आठवडे डोके खाली वाकवू नका असे सांगितले होते. सजदा कसा करायचा, या विचाराने ती आजारापेक्षा जास्त अस्वस्थ झाली. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी सांगितले की आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे. मग ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली. रमजानमध्ये डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही असेच बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारून घ्यावे, पण त्या शंकेपायी थेंब किंवा तपासणी टाळू नये. मधुमेह असलेल्यांनी रोजे धरण्याबाबत रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलावे.

बाकी नियम सोपे आहेत. ज्याला प्रौढ वयात मधुमेह निघाला, त्याने त्याच वेळी पडदा तपासून घ्यावा आणि मग दर वर्षी, काही त्रास नसला तरीही. कारण साखर कधीपासून वाढलेली होती ते कुणालाच माहीत नसते. लहान वयात इन्सुलिन सुरू झालेल्यांनी पाच वर्षांच्या आत सुरुवात करावी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहून घ्यावा, गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर 'मागचा पडदा पाहिलात का?' असे विचारावे. पडदाच खराब असेल तर नवे भिंग बसवूनही दिसणार नाही. चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीला पडद्याची तपासणी समजू नये. आणि साखर, रक्तदाब हाताशी ठेवणे हा तर रोजचाच उपचार.

या सगळ्यात मला जाणवलेली खरी अडचण औषधाची नाही, रांगेची आहे. आपल्या घरांत दवाखान्याच्या रांगेत आधी मुले, मग कर्ते पुरुष, मग म्हातारे आणि सर्वांत शेवटी घरातली बाई. तीही 'दुखत तर नाही ना' म्हणत आपला नंबर मागे सरकवते. पडद्याचा आजार नेमका अशाच माणसाला गाठतो. दुखणे येऊन सांगेल याची वाट पाहणारीला तो कधीच काही सांगत नाही.

आता अम्मीकडे नवीन मुलगी शिकायला आली की अम्मी तिच्या आईला आधी विचारते, "तुला साखर आहे का? मग पडदा कधी दाखवलास?" कुणी म्हणते, "आपाजी, मला छान दिसतं." त्यावर अम्मीचे उत्तर ठरलेले असते, "छान दिसतंय तेव्हाच जायचं असतं." गेल्या सहा महिन्यांत तिच्या सांगण्यावरून मोहल्ल्यातल्या अकराजणी चिपळूणला जाऊन आल्या. दोघींच्या पडद्यावर आजाराची सुरुवात सापडली. दोघींनाही अजून उत्तम दिसते, आणि उपचार वेळेत झाले तर इन्शाअल्लाह पुढेही दिसत राहील.